ओढ्याची राखण

कुठेही बसायच्या आधी ती पदराचं टोक हाताला गुंडाळायची आणि जमीन झाडायची. चार खडे, दोन काड्या, कुणी टाकलेली शेंगांची टरफलं बाजूला सारायची आणि स्वतःशीच म्हणायची, "पारोसं बरं दिसतं का?" मग बसायची. अंघोळ न केलेला माणूस पारोसा, हे तुम्हा-आम्हाला माहीत असतं. तिच्या लेखी न झाडलेली जागाही पारोशीच होती, मग ती जागा स्वतःच्या अंगणातली असो की सरकारच्या.

केजच्या एसटी स्टँडवर तिने एका पोलिसाला पाय वर घ्यायला लावून बाकाखालची जागा साफ केलेली मी पाहिली आहे. बिचारा पाय उचलून बसला होता आणि कुणी बघत नाही ना, हे बघत होता. वडाप जीपमध्ये मागच्या बाकावर माणसावर माणूस बसलेलं असताना ही दारात उभी राहून बाक पुसत होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वैतागला. बसा की जिजी आता, म्हणाला. ती शांतपणे म्हणाली, "तुज्या गाडीचीच अब्रू झाकायले मी." जीपमध्ये हशा झाला आणि ड्रायव्हरने हॉर्न थांबवला.

तिचं नाव मी लिहिणार नाही. तसं तिनेच मला बजावून ठेवलं आहे, आणि का ते पुढे येईल. युसूफ वडगावपासून पुढे, कच्च्या रस्त्याला माझं गाव. गावात तिला लहान-थोर सगळे जिजी म्हणत. माझं घर वरच्या आळीत, तिचं अगदी खाली, ओढ्याच्या काठाला. घराला लागून तिचं शेत, दावणीला दोन म्हशी, थोडी शेरडं, मुलगा आणि सून. मी केजच्या कॉलेजात शिकवायला लागल्यावर ती चारचौघांत मला "सर" म्हणायची, तेही जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. दोघंच असलो की मी "बाबा" होतो आणि ती माझ्या शर्टाची कॉलर नीट करायची.

तिला लाज लवकर वाटायची. आणि गंमत म्हणजे स्वतःपेक्षा दुसऱ्याचीच जास्त. एका लग्नात वाढपी वरण पाणी घालून वाढवताना तिने पाहिलं. ना ती मुलीकडची, ना मुलाकडची. पण सगळी पंगत उठेपर्यंत तिने पानातून मान वर केली नाही. गल्लीत कुणी बायकोवर ओरडायला लागला की ही आपल्या घराचं दार लावून घ्यायची, जसं काही आवाज तिच्याच घरातून येतोय. एकदा भर उन्हाळ्यात गावातल्या बायका जीप करून कपिलधारला गेल्या. धबधब्याच्या जागी नुसता काळा कडा आणि खाली शेवाळाचा वाळलेला पापुद्रा. बाकीच्या बायका हिरमुसल्या, एकदोघी देवाला बोलल्यासुद्धा. ही मात्र कड्याकडे पाठ करून उभी राहिली. का गं, विचारल्यावर म्हणाली, "असं उघड्याअंगी बगू न्हाई कुणाला."

आमच्या ओढ्याबद्दलही ती असंच बोलायची. हा ओढा दिवाळीपर्यंत चांगला वाहतो. संक्रांतीला डबकी उरतात. होळीनंतर वाळू, गोटे आणि भेगाळलेला गाळ एवढंच. गाव म्हणतं, ओढा आटला. ती म्हणायची, "वढा गावाला गेलाय." आणि जो गावाला गेला आहे त्याच्या घरात कुणी कचरा टाकू नये, या न्यायाने ती ओढ्यात कचरा टाकणाऱ्या पोरांना पिटाळायची.

या ओढ्यावर काम करायला पुण्याच्या एका संस्थेतून एक मॅडम आल्या. मी पर्यावरणशास्त्र शिकवतो आणि गावचा आहे म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. मॅडमचं म्हणणं साधं होतं. नद्या-ओढ्यांतून कार्बन डायऑक्साइड किती हवेत जातो याचा हिशोब जगभर मांडतात, पण पाणी असेपर्यंतच. पाणी आटलं की ओढा हिशोबातून बाद. खरं तर वाळलेल्या पात्रातही पालापाचोळा असतो, मुळं असतात, शेण असतं, आणि मातीतले सूक्ष्म जीव ते कुजवत असतात. तोही वायू हवेत जातोच. आमच्यासारखे ओढे वर्षातले कितीतरी महिने कोरडे. मग तो वायू कोण मोजणार?

मोजायची रीतही साधी होती. रुंद प्लास्टिकच्या पाइपाच्या कड्या कापून त्या पात्रात जागोजाग ठोकून ठेवायच्या. मोजायच्या दिवशी कडीवर घट्ट झाकण बसवायचं, झाकणातून नळी यंत्रात न्यायची आणि आत साठणारा वायू किती वाढतो ते बघायचं. शेजारी मातीत सळई खुपसून ओलावाही मोजायचा. कडी, झाकण, नळी या सगळ्याला गावाने एकच नाव दिलं, डबे. त्यातला एक डबा जिजीच्या घरासमोर, तिच्या बांधाखालीच आला.

पहिल्या दिवशी ती चहा घेऊन खाली पात्रात उतरली आणि मॅडमना म्हणाली, बाई, काय हुडकायलाव? मॅडमनी तिथेच उकिडवं बसून तिला सगळं सांगितलं. जिजीने मन लावून ऐकलं. मग विचारलं, "म्हंजी पानी न्हाई तरी वढ्यात जीव हाय?" मॅडम म्हणाल्या, आहे ना, आणि तो श्वास सोडतो, तो आपण मोजतो. जिजीने माझ्याकडे असं पाहिलं, की हे तू इतकी वर्षं मला सांगितलं नाहीस. मग तिने मॅडमच्या पाठीवरची माती झटकली.

डब्यावरून जनावर गेलं तर कडी हलते आणि सगळं वाया जातं, म्हणून मॅडमनी तिला तेवढं लक्ष ठेवायला सांगितलं. झालं. दुसऱ्या दिवशी त्या कडीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण उभं होतं. संध्याकाळी शेरडं घराकडे वळली की ती काठी घेऊन मध्ये उभी राहायची. गावातले टवाळ तिला विचारायचे, जिजी, वढा चोरीला जातोय का? ती म्हणायची, "त्यो दमलाय. निजू द्या की."

उन्हाळाभर आम्ही ठरलेल्या दिवशी जात होतो. आदल्या दिवशी मी जिजीच्या मुलाला फोन करायचो, म्हणजे ती शेरडं दुसरीकडे वळवेल. आम्ही पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असायचं. बाकीच्या डब्यांचे आकडे जेमतेम यायचे. जिजीच्या डब्याचा आकडा मात्र दुपटीने, तिपटीने. सळईसुद्धा तिथेच ओलावा दाखवायची. वरची माती कोरडी ठणठणीत आणि चार बोटं खाली ओल. मॅडम हरखून गेल्या. त्यांचा अंदाज असा, की इथे जमिनीखाली झिरा आहे, तो गुपचूप पाझरतो आणि मातीतल्या जिवांना जागं ठेवतो. वरून मेलेला दिसणारा ओढा आतून असा ठिकठिकाणी जागा असेल तर सगळा हिशोबच वेगळा मांडावा लागेल. मोठ्या परिषदेत हे मांडायचं त्यांनी ठरवलं. पुढच्या वर्षी त्या एकाच जागेवर आणखी यंत्रं लावायचा बेतही झाला.

ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. सरपंच मला म्हणाले, सर, आपला ओढा नंबर एक आला म्हणे. मी समजावून सांगायला गेलो, की जास्त वायू सोडणं ही काही बक्षिसाची गोष्ट नाही. त्यांनी ते कानाआड केलं. जिजीला तर लोक रस्त्यात थांबवून विचारू लागले, जिजीच्या वढ्याचं काय चाललंय? ती वरवर म्हणायची, मी काय केलं त्यात, देवाचा वढा. पण त्या दिवसांत ती जरा ताठ चालायची. नव्या लुगड्यात ओढ्यात उतरायची. तिच्या आयुष्यात घराबाहेरच्या कुणी तिच्यावर काही सोपवल्याची ही पहिलीच वेळ असावी, असं मला तेव्हा वाटलं आणि बरंही वाटलं.

उन्हाळा संपत आला तेव्हा मॅडमनी गावाला एकदा सगळं दाखवायचं ठरवलं. मारुतीच्या सभामंडपात लोक जमले. जिजी बायकांच्या पुढच्या ओळीत, जागा झाडून बसलेली. मॅडमनी ओढ्यातली वाळलेली माती एका काचेच्या बरणीत घेतली, झाकण लावलं आणि यंत्राचा आकडा सगळ्यांना दाखवला. आकडा जागचा हलत नव्हता. मग झाकण काढून त्यांनी ओंजळभर पाणी मातीवर शिंपडलं आणि पुन्हा झाकण लावलं. थोड्या वेळाने आकडा चढायला लागला. चढतच गेला. लोकांनी जादूच्या खेळाला वाजवतात तशा टाळ्या वाजवल्या. मॅडम सांगत होत्या, की कोरड्या मातीतले जीव पाण्याची वाट बघत असतात, जरासा शिडकावा झाला तरी एकदम कामाला लागतात आणि भराभर वायू सोडतात. मागून कुणीतरी विचारलं, एवढ्याशा पाण्यानं? मॅडम म्हणाल्या, हो, एवढंसं पुरतं. आणि त्यात शेण असेल तर आणखी जास्त.

मी जिजीकडे पाहिलं ते सहजच. तिने पदर कपाळावर ओढून घेतला होता. टाळ्या चालू असतानाच ती उठली, बायकांच्या मधून वाट काढत बाहेर गेली. शेरडं सोडायची वेळ झाली असेल, असं मी धरून चाललो.

त्यानंतरच्या खेपेला काट्यांचं कुंपण होतं, जिजी नव्हती. सुनेने सांगितलं, सासूबाई बहिणीकडे युसूफ वडगावला गेल्यात. त्या दिवशी तिच्या डब्याचा आकडा खाली आला होता. बाकीच्यांइतकाच. सळईलाही ओल लागली नाही. मॅडम बराच वेळ तिथे बसून राहिल्या. झिरा आटला असेल, म्हणाल्या. मलाही ते पटलं.

आणि एका सकाळी जिजी कॉलेजात आली. एकटी, वडाप जीपने. शिपायाने येऊन सांगितलं, कुणी म्हातारी बाहेर उभी आहे, आत या म्हटलं तर येत नाही. मी बाहेर गेलो. ती भिंतीला टेकून उभी होती. तिला आत आणलं, खुर्ची दिली. तिने खुर्ची पुसली नाही. बसलीही नाही. खोलीत आम्ही दोघंच होतो, तरी ती मला "सर" म्हणाली.

"सर, तुमचा डबा मी बाटवला."

मला कळेना. मग तिने एकेक करून सांगितलं. आम्ही येणार असा फोन आला, की ती दुसऱ्या दिवशी पहाटे उठून अंगणाबरोबर डब्याच्या जागेलाही सडा टाकायची. शेण कालवून, चांगला घट्टसर. पुण्याच्या बाई येणार, त्या जमिनीवर बसणार, आणि जागा पारोशी कशी ठेवायची? मी विचारलं, कडीच्या आतसुद्धा? ती म्हणाली, आत पारोसं ठेवून बाहेर सारवायचं, ह्याला काय अर्थ? मग बाकीच्या डब्यांना का नाही टाकलास, असं मी विचारल्यावर तिने माझ्याकडे जरा रागानेच पाहिलं. ते दुसऱ्याच्या बांधाखाली होते. दुसऱ्याच्या अंगणात सडा टाकणारी ती कोण?

मला हसू आलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला ते फार गोड वाटलं. पाहुणे येणार म्हणून ओढ्याला सडा. आम्ही शिकलेली माणसं झिऱ्याच्या गोष्टी रचत होतो, आणि झिरा त्या त्या दिवशी पहाटे बादली घेऊन येत होता.

"हसू नगा," ती म्हणाली. "माज्यावर राखण सोपवलीती. राखणारीनंच नासवलं."

तिला मी बरंच काही सांगितलं. तुला कुणी सांगितलं नव्हतं, तुझ्या मनात वाईट नव्हतं, माती सकाळच्या उन्हाने वरून वाळून जायची म्हणून आम्हालाही ओळखता आलं नाही, ओढ्यात जिकडेतिकडे शेण असतंच. ती ऐकत होती, पण मी बोलतो ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. तिने एकच विचारलं. बाई ही गोष्ट बाहेर सांगणार होत्या, ती सांगून झाली का? मी म्हणालो, अजून नाही, पुढच्या महिन्यात सांगणार आहेत. तिने डोळे मिटून घेतले.

"मग त्यांला बलवा. तुमी नगा सांगू. माज्या तोंडानं सांगते."

मॅडम आल्या. जिजीच्या अंगणात, बाजेवर बसल्या. जिजी समोर उभी राहिली आणि मला सांगितलं होतं ते सगळं तसंच्या तसं सांगितलं, एक शब्द कमी न करता. सून दारात उभी होती, मुलगा म्हशीजवळ होता. स्वतःच्या मुला-सुनेसमोर तिने ते सांगितलं. शेजारच्या दोन बायका भिंतीपलीकडून ऐकत होत्या, तेही तिला दिसत होतं. तिने आवाज खाली केला नाही.

मॅडमचा चेहरा आधी उतरला. उतरणारच. महिनोन्महिने ज्यापायी झोप उडाली, ते हातातून गेलं होतं. मग त्या उठल्या आणि जिजीचे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, जिजी, उलट तुम्ही आम्हाला एक प्रयोगच करून दिलात, शेणपाण्याने किती फरक पडतो ते कळलं, आणि चूक असेल तर ती माझी, की मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही. त्या मनापासून बोलत होत्या. अहवालात तुमचे आभार मानून नाव घालणार आहे, असंही म्हणाल्या.

जिजीने हात सोडवून घेतले. सावकाश, त्यांना लागू नये असे.

"बाई, गोड करू नगा," ती म्हणाली. "चुकलं ते चुकलं. माजं नाव कुटंच घेऊ नगा."

त्या डब्याचे सगळे आकडे मॅडमनी काढून टाकले. परिषदेत त्या बाकीच्या डब्यांबद्दलच बोलल्या, साधंसं, कुणाच्या लक्षात न राहण्यासारखं. जिजीने पुन्हा राखण करावी, असा निरोप त्यांनी मुलाजवळ दिला होता. तो ऐकून जिजी शेरडं सोडायला उठली.

त्यानंतर ती ओढ्यात उतरली नाही. घर काठावर, समोर ओढा, पलीकडे माळ. शेरडं माळावर न्यायची तर पात्र ओलांडलं की झालं. ती मात्र शेरडं घेऊन गावाला वळसा घालून, पुलावरून माळावर जायची. म्हातारी बाई, भर उन्हात. गावाला कारण माहीत होतं. तुम्हाला वाटेल, लोकांनी तिची टर उडवली असेल. नाही उडवली. तेवढं गाव चांगलं आहे. सडा हा शब्दसुद्धा तिच्यासमोर कुणी काढत नसे. टवाळ पोरांनाही कुणीतरी दटावून ठेवलं होतं. मी तिच्याकडे जायचो तेव्हा ज्वारी, म्हशी, सुनेचं माहेर, असल्या गोष्टी बोलायचो. ती माझी कॉलर नीट करायची नाही. मॅडमचा, ओढ्याचा, डब्यांचा विषय मी चुकूनही काढत नव्हतो. त्यात मला तिची काळजी घेतल्यासारखं वाटायचं.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला काम संपलं. मॅडमना दुसरीकडे जायचं होतं. त्यांच्या हाताखालची दोन मुलं आणि मी असे एका दुपारी गेलो आणि सगळे डबे उपटून टेम्पोत टाकले. जिजीच्या घराला कुलूप होतं, सगळी ज्वारी काढायला शेतात गेली होती. काट्यांचं कुंपण आम्ही तसंच ठेवलं. जिजीला सांगायला हवं, असं मनात आलं होतं. मग वाटलं, कशाला जखमेवरची खपली काढा. गेले डबे, संपला विषय. तिच्या कानावर जाईलच कधीतरी. पण कोण घालणार कानावर? तिच्यासमोर तो विषय न काढायची सगळ्या गावाने शपथच घेतली होती, आणि त्यात मी पुढे होतो.

त्यानंतरही काही वर्षं ती मला पुलावरून शेरडं नेताना दिसायची. अजून लाज गेली नाही हिची, असं मी मनात म्हणायचो आणि मोटारसायकल तिच्या शेजारी थांबवून ख्यालीखुशाली विचारायचो. पात्रात बाभळीच्या ताज्या काट्या पडलेल्याही मी एकदा पाहिल्या होत्या. कुणीतरी शेरडं कोंडायला केलं असेल, असं वाटून पुढे गेलो.

यंदा चैत्रात जिजी गेली. दोन दिवसांचा ताप झाला आणि गेली. मी परीक्षेच्या कामात अडकलो होतो. तिसऱ्या दिवशी, राख सावडायच्या वेळी तरी पोचावं म्हणून निघालो, तरी उशीर झालाच. आमच्याकडे राख ओढ्यातच सोडतात. पाणी नसलं तर वाळूत झिरा खणतात, हातभर खाली ओल लागते, तेवढी पुरते. माझ्या आई-वडिलांची अशीच सोडली. म्हणून मी थेट ओढ्यावर गेलो. तिथे कुणीच नव्हतं. घरी आलो तर दारात जीप थांबत होती आणि जिजीचा मुलगा डोकं भादरलेला, ओल्या धोतराने खाली उतरत होता. राख घेऊन ते मांजरा नदीवर गेले होते.

एवढ्या लांब का गेलात, मी विचारलं. तो माझ्याकडे आश्चर्याने बघत राहिला. मलाच हे माहीत असायला हवं होतं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"आईनं सांगून ठिवलंतं," तो म्हणाला. "माजी राख त्या वढ्यात टाकू नगा, तितं सरांचे डबे हायत. एकडाव नासवलं, आता मेल्यावर परत नगं."

सून दारात आली होती. तिने पदराने डोळे पुसत पुढचं सांगितलं. पुराच्या गाळाखाली डबे गेले आहेत, पण सर आणि बाई येतील तेव्हा उकरून काढतील, असं सासूबाई म्हणायच्या. दर साली दिवाळीनंतर, पाणी उतरलं की मुलाला खाली पाठवून त्या जागेवर नव्या काट्या टाकायला लावायच्या. स्वतः जायच्या नाहीत, आपला पाय तिथे नको म्हणून. आणि शेरडंही त्यासाठीच पुलावरून न्यायच्या. काट्यांना न जुमानणारं एखादं शेरडू असतंच, ते डब्यावर चढायचं, म्हणून.

लाजेने वळसा घालते, असं मी समजत होतो. ती राखण करत होती.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. डबे काढून नेल्याला काही वर्षं झाली, एवढंच ते वाक्य. ते तोंडाशी आलंही. पण समोर ओल्या धोतराचा तिचा मुलगा उभा होता. आईला तिच्या स्वतःच्या ओढ्यात न सोडता तो तिला एवढ्या लांब सोडून आला होता, आणि आईचा शब्द राखला याचं त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्याला मी काय सांगणार होतो?

त्याने मला जरा बाजूला घेतलं. एक शंका त्याच्या मनात होती.

"सर, परवा मौतीला लई मानसं वढ्यात उतरली. म्या वरडून सांगत हुतो. डब्यांला धक्का न्हाई ना लागला?"

"नाही," मी म्हणालो.

"मग बरं झालं," तो म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

घरात चूल पेटवायची नाही म्हणून भावकीने आणलेली कडू भाकर आत वाढायला घेतली होती. सुनेने दारातून हाक मारली, सर, दोन घास खाऊन जावा, तुमी तर घरचेच. मी हो म्हणालो, पायातल्या चपला काढल्या. पण उंबरा काही मला ओलांडता आला नाही.